सराव शाळेतली चौथी

तीन वर्षं मी पाथर्डी तालुक्यातल्या एका लहान गावात एकटा चार वर्ग चालवत होतो, आणि पंचायत समितीच्या यादीत माझ्या नावापुढे 'अप्रशिक्षित' असा शेरा होता. मॅट्रिक झालो, नोकरी लागली, शाळेची किल्ली हातात आली आणि दुसऱ्या दिवसापासून मी गुरुजी झालो. शिकवायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या गुरुजींनी मला जसं शिकवलं तसं मी शिकवत होतो. पाढे म्हणून घ्यायचे, धडा वाचून घ्यायचा, चुकलं की हातावर छडी द्यायची.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, कागद आला. नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना वर्षभर नगरच्या अध्यापक विद्यालयात पाठवायचं सरकारनं ठरवलं होतं. पगार चालू राहणार होता. परीक्षा पास झालं की तो शेरा जाणार होता. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण पत्र घडी करून खिशात ठेवलं तेव्हा समोर दुसरीची पोरं पाटीवर शुद्धलेखन लिहीत बसली होती. त्यांच्याकडे बघवेना.

किल्ली द्यायला सरपंचांकडे गेलो. ते बैलाला पेंड चारत होते.

"कुठं निगाला म्हनायचं?"

"नगरला. वर्षभर. शिकवायचं शिकायला."

ते माझ्याकडे वळले. "मंग आमच्या पोरांना आजवर काय करीत हुता?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारत होते. मी म्हणालो, "शेजारच्या गावचे गुरुजी बुधवारी आणि शनिवारी येतील. सायकलीवर."

"दोनच दिस?"

"वर्षभराचाच प्रश्न आहे."

त्यांनी किल्ली कनवटीला लावली आणि पुन्हा बैलाकडे वळले.

विद्यालय नगरहून भिंगारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत होतं. रस्त्यानं लष्करी ट्रक जायचे आणि त्यांचा आवाज सरेपर्यंत अध्यापकांना थांबावं लागायचं. आमच्या तुकडीत माझ्यासारखी तेवीस-चोवीस वर्षांची मुलं होती, तशी केस पिकलेली माणसंही होती. माझ्या खोलीत जामखेडकडचे एक गुरुजी होते. वीस वर्षांची नोकरी, वय चव्वेचाळीस, थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलेलं. पहिल्या दिवशी त्यांचे गुडघे बाकात मावेनात. "हे वय हाय का वही काढून बसायचं?" असं म्हणत त्यांनी वही काढली, समास आखला आणि वर श्री लिहिलं.

वर्गात मानसशास्त्र चालायचं. मुलाचं लक्ष कसं लागतं, ते का उडतं, आठवण पक्की कशी होते. मी टिपणं घ्यायचो आणि मध्येच हिशेब करायचो की आज सोमवार, आज तिथे कुलूप. आज मंगळवार, आजही कुलूप. दुपारच्या सुट्टीत सगळे लिंबाखाली बसायचे, मी मात्र रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचो. जामखेडचे गुरुजी म्हणायचे, "बसा की वाईच. तुमच्या पायाला काय चाकं लावलीत का?"

दिवाळीनंतर सराव पाठ सुरू झाले. विद्यालयाच्या आवाराला लागूनच सराव शाळा होती. तिथल्या वर्गांवर आम्ही शिकवायचं आणि ते बघून आम्हाला गुण मिळायचे. पाठ पस्तीस मिनिटांचा. आधी त्याचं टाचण काढायचं, म्हणजे कुठला प्रश्न कधी विचारायचा, फळ्यावर काय लिहायचं, मुलांनी काय उत्तर देणं अपेक्षित आहे, सगळं लिहून अध्यापकांकडून तपासून घ्यायचं. मागच्या बाकांवर आमच्यातलेच चार-पाच जण निरीक्षण वह्या घेऊन बसायचे आणि त्यांच्या शेजारी अध्यापक. सुरुवातीला प्रस्तावनेचे दोन-तीन प्रश्न, मग 'आज आपण अमुक शिकणार आहोत' हे हेतुकथन, मग शिकवणं, मग उजळणी आणि शेवटी गृहपाठ. घंटा व्हायच्या आत सगळं बसलं पाहिजे.

माझा पहिला पाठ चौथीवर, विज्ञानाचा. विषय बाष्पीभवन. मी ओलं फडकं घेऊन गेलो होतो. त्याची घडी दोनदा घातली, दोनदा मोडली. तीन वर्षं शिकवलेला माणूस, पण माझ्या शाळेत मागच्या बाकावर कधी कुणी बसलं नव्हतं. बाकच नव्हते.

"मुलांनो, ओले कपडे उन्हात टाकले तर काय होतं?"

"वाळतात," सगळा वर्ग एका सुरात.

"मग त्यातलं पाणी कुठे जातं?"

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. दोन घट्ट वेण्या, तेल लावून चप्प बसवलेले केस. ती उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्याची वाफ होऊन ते हवेत जातं. आज आपण बाष्पीभवन शिकणार आहोत."

माझ्या टाचणातलं वाक्य तिनं म्हटलं होतं. मागून कुणीतरी हसू दाबलं. पण त्यानंतर पाठ असा सरळ गेला, की मलाच नवल वाटलं. विचारीन त्या प्रश्नाला बरोबर उत्तर, फळ्यावर बोलवीन तो मुलगा सुवाच्य अक्षरात लिही, आणि घंटेला दोन मिनिटं उरली असताना गृहपाठ देऊन मी मोकळा. अध्यापकांनी वहीत लिहिलं, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.'

मी फडकं गोळा करत होतो तेव्हा ती मुलगी जवळ आली. हळूच म्हणाली, "गुरुजी, फडक्याचे दोन तुकडे आनायचे हुते. मागचे गुरुजी एक सावलीत ठेवायचे. मंग फरक सांगता येतो."

"मागचे म्हणजे कोण?"

"आता दिवाळी झाल्यावर झाला तो. आनी गेल्या वर्षी तिसरीत हुतो तवा पन झाला दोनदा." तिनं बोटांवर मोजलं. "तुमचा चौथा."

ती भिंगारची होती. वडील लष्करी मेसमध्ये कामाला होते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तिनं मला तिच्या वह्या दाखवल्या, कारण मी मागितल्या. विज्ञानाची वही सुंदर होती. बाष्पीभवन, चार दिशा, फुलाचे भाग, प्रत्येकाची आकृती, आणि तीच आकृती पुन्हा काही पानांनी. गणिताची वही उघडली. अपूर्णांकाचं पहिलं पान तीनदा होतं, त्यात भाकरीचे तेच चार तुकडे. अपूर्णांकाचं दुसरं पान कुठेच नव्हतं. भागाकाराची काही उदाहरणं होती, त्यात सहाशे अठराला सहानं भागून तिनं तेरा लिहिलं होतं. लाल शाईची खूण नव्हती. कुणी तपासलंच नव्हतं.

मी वही घेऊन वर्गाच्या बाईंकडे गेलो. पन्नाशीच्या बाई, चष्म्याला दोरी लावलेल्या. त्यांनी वहीकडे बघितलंही नाही.

"तुम्हाला आज कळलं का? मला सात वर्षांपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे लोक सोपा विषय निवडतात. ज्यात चित्र काढता येईल, वस्तू दाखवता येईल, मुलं बोलतील. पस्तीस मिनिटांत भागाकार कोण घेईल? माझ्या या वर्गात सगळं पहिल्यांदा शिकवलं जातं. दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा येतो आणि दुसरं पहिल्यांदा शिकवतो."

"आणि तुमचे तास?"

"पाठ संपले की उरेल तो वेळ माझा. फेब्रुवारीनंतर मी धावायला लागते."

त्या रविवारी मी एसटीनं गावी गेलो. काम काही नव्हतं. शाळेला कुलूप होतं, ते रविवार म्हणून होतं, तरी मी हात लावून पाहिलं. ओट्यावर लेंड्या पडल्या होत्या. ऊसतोडीला जाणारी घरं दसऱ्यानंतरच गेली होती, त्यामुळे गाव अर्धं रिकामं. माझ्या वर्गातला एक मुलगा शेळ्या घेऊन आला आणि विचारू लागला, "गुरुजी, आले का तुमी?" मी म्हणालो, "नाही, जायचंय परत." तो शेळ्यांमागे निघून गेला. परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. इथल्या पोरांना शिक्षक नाही, कारण तो चांगला शिक्षक व्हायला गेलाय. आणि तिथल्या पोरांना रोज एक शिक्षक आहे, आणि त्यांनाही भागाकार येत नाही.

सोमवारी मी पाठ बघणाऱ्या अध्यापकांना गाठलं. म्हणालो, "सर, मला चौथीवर भागाकार घ्यायचाय. सलग पाच दिवस, त्याच वर्गावर."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर टाचणांचा ढीग होता. "पाठ वेगवेगळ्या विषयांचे हवेत, असा नियम आहे," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं मला कळत नाही असं समजू नका. मीही शाळेतूनच आलोय. पण एवढ्या जणांचे एवढे पाठ मला मार्चच्या आत बघायचेत. एक पाठ घ्या. पण तो पूर्ण झाला पाहिजे."

मी एक पाठ घेतला. तोच सहाशे अठराचा. प्रस्तावना बरी झाली. मग मी त्या मुलीला फळ्यावर बोलावलं. तिनं सहा एके सहा केलं, एक खाली घेतला, एकाला सहानं भाग जात नाही म्हणून लगेच आठही खाली घेतला, अठराला सहानं तीनदा भाग दिला. उत्तर तेरा. टाचणात मी लिहिलं होतं, 'विद्यार्थी चूक ओळखतील.' कुणी ओळखली नाही.

"तेराला सहानं गुणून बघ बरं," मी म्हणालो.

तिनं गुणलं. अठ्ठ्याहत्तर आले. ती अठ्ठ्याहत्तरकडे बघत राहिली, मग सहाशे अठराकडे. मग तिनं मागच्या बाकांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. "गुरुजी, म्होरला प्रश्न विचारा ना," ती पुटपुटली.

ती स्वतःला वाचवत नव्हती. ती मला वाचवायला बघत होती. त्या वर्गातली सगळी मुलं दोन वर्षं हेच शिकली होती. समोर घाबरलेला गुरुजी उभा असतो, मागे साहेब बसलेले असतात, आणि आपण नीट उत्तरं दिली की तो पास होतो. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मी पहिल्यापासून सांगायला लागलो, मध्येच कळलं की अर्ध्या वर्गाचे सहाचे पाढेही कच्चे आहेत, तिकडे वळलो, आणि घंटा झाली. उजळणी राहिली, गृहपाठ राहिला. शेरा मिळाला, 'पाठ अपूर्ण. वेळेचे नियोजन नाही. पुन्हा घ्यावा.'

पुन्हा घ्यायचा होता तो मी चार दिशांवर घेतला. हे सांगायला मला आजही जड जातं. नापास झालो तर आणखी एक वर्ष, ही भीती होती. सूर्य उगवतो ती पूर्व, हे त्या मुलांनी मला इतक्या उत्साहानं सांगितलं, की मागे बसलेल्यांनी माना डोलावल्या. मुलीनं दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा बरोबर. जाताना ती माझ्याकडे बघून हसली. झालं एकदाचं काम, असं ते हसणं होतं. मला तोंड लपवावंसं वाटलं.

त्याच दुपारी मी बाईंना विचारलं, "शाळा सुटल्यावर अर्धा तास बसू का मी, जी मुलं थांबतील त्यांना घेऊन?"

"त्याचे गुण नाहीत मिळायचे तुम्हाला."

"नकोत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी वर्ग उघडा ठेवते."

पहिल्या दिवशी सात मुलं थांबली. मी पुन्हा फळ्यावर समजावलं आणि पुन्हा कुणाला कळलं नाही. खोलीवर येऊन जामखेडच्या गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "फळ्यावर न्हाई कळनार. वाटायला लावा." रविवारचा सगळा दिवस ते चिंचोके मोजत बसले. शंभर चिंचोक्यांच्या सहा पुड्या, दहाची एक पुडी, आणि आठ सुटे. सोमवारी ते माझ्याबरोबर आले. त्यांनी सहा मुलांना गोलात बसवलं. शंभराच्या पुड्या एकेक वाटल्या. मग दहाची पुडी पुढे ठेवली.

"ही वाटा बरं सहा जनांत. पुडी फोडायची न्हाई."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. "जमत न्हाई," एकजण म्हणाला.

"मंग दहाच्या पुड्या किती आल्या परतेकाला?"

उत्तर आलं नाही. मीच सांगणार होतो, इतक्यात मला आमच्या अध्यापकांचं एक बोलणं आठवलं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, असं ते म्हणायचे. मी आजवर दोनपर्यंतही मोजलं नव्हतं. विचारायचो आणि उत्तर आलं नाही की छडी उचलायचो. मी मोजायला लागलो. आठाला ती मुलगी बोलली.

"एक पन न्हाई."

"मग ते लिहायचं का नाही?" मी विचारलं.

ती पुडीकडे बघत होती. "लिवायचं. शून्य."

मग पुडी फोडली, सुट्या आठात मिळवली, अठरा झाले, प्रत्येकाला तीन. तिनं पाटीवर एकशे तीन लिहिलं आणि कुणी सांगायच्या आधी सहानं गुणून पाहिलं. एक मुलगा मात्र अजूनही तेराच म्हणत होता. जामखेडच्या गुरुजींनी झटकन त्याच्या बोटांवर पट्टी मारली. दारातून बाईंचा आवाज आला, "इथे हात उचलायचा नाही, गुरुजी."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. परत येताना ते म्हणाले, "वीस वर्षांची सवय हाय. हात आपोआप जातो." माझा हातही त्याच क्षणी मुठीत वळला होता, हे मला माहीत होतं.

असे तीन आठवडे गेले. सातांची अकरा झाली, मग नऊ. एका शून्याचं गणित बहुतेकांना जमायला लागलं. चार हजार बाराला चारनं भागायचं दिलं तर दोन शून्यांपाशी ती मुलगीसुद्धा अडखळायची, एक शून्य लिहायची आणि एक खायची. त्यापुढे जायचं होतं. पण डिसेंबरात युद्ध सुरू झालं. संध्याकाळी दिवे झाकायचे हुकूम आले, रस्त्यानं ट्रकांची रांग लागली, आणि भिंगारकडची मुलं शाळा सुटल्या सुटल्या घरी जायला लागली. युद्ध संपलं तसे परीक्षेचे पाठ तोंडावर आले. चिंचोक्यांची पिशवी आमच्या खोलीत खुंटीला राहिली. जामखेडचे गुरुजी मधूनमधून म्हणायचे, "परत बोलवा की पोरांना." मी उद्या म्हणायचो. उद्या कधी आला नाही.

वार्षिक पाठात मला चांगले गुण मिळाले. मुलांनीच मिळवून दिले. जामखेडचे गुरुजीही पास झाले, दोन पाठ पुन्हा घेऊन. निरोपाच्या दिवशी बाईंना भेटायला गेलो तेव्हा त्या एका वहीत पोरांची उदाहरणं तपासत होत्या. म्हणाल्या, "जूनमध्ये नवी तुकडी यायची. ही मुलं पाचवीला जातील, सुटतील."

"ती भिंगारची मुलगी?"

"तिच्या वडिलांची बदली झाली म्हणतात. गेल्या आठवड्यापासून आली नाही."

कुठे बदली झाली, ते बाईंना माहीत नव्हतं.

जूनमध्ये मी माझ्या शाळेत परत आलो. पावसाचा पत्ता नव्हता, नुसती धूळ उडत होती. मी गेलो तेव्हा तिसरीत गेलेल्या नऊ मुलांतली चौथीत पाच उरली होती. दोघी मुलींना घरीच ठेवलं होतं, दोघं मुलगे आई-बापांबरोबर खडी फोडायच्या कामावर जात होते. मी त्या चारही घरी दोन-दोनदा जाऊन आलो. एक मुलगी परत आली.

पंधरा दिवसांतच तालुक्याहून विस्तार अधिकारी आले, प्रशिक्षण घेऊन आलेला मास्तर कसा शिकवतो ते बघायला. मी चौथीच्या सहा जणांना भागाकार देत होतो. ते खुर्चीवर बसले, टाचण वही मागितली, चाळली. वर्गात शांतता होती. एक मुलगा गणितात अडकला होता आणि मी त्याच्याजवळ उकिडवा बसून थांबलो होतो. अधिकारी दोनदा घड्याळाकडे बघून झाले.

"काल काय घेतलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हेच, साहेब."

"आणि परवा?"

"हेच."

"प्रशिक्षित झालात ना तुम्ही? जरा वेग घ्या. उद्या काय घेणार?"

"याला आलं तर पुढचं. नाही आलं तर हेच."

त्यांनी शेरेबुक मागवलं. 'शिक्षक प्रशिक्षित आहेत. अभ्यासक्रमाची गती वाढवावी,' असं लिहून सही केली. मी त्यांना गाडीच्या फाट्यापर्यंत पोचवायला जायला हवं होतं, रीत तशी होती. पण तो मुलगा अजून पाटीवर वाकला होता. मी दारातूनच नमस्कार केला आणि आत वळलो.